केबलचं दुसरं टोक

आमच्या कारखान्यात संगणक आले तेव्हा ते तीन होते, आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एक ऑफिसात, एक प्रयोगशाळेत, एक स्टोअरमध्ये. स्टोअरमधला शिल्लक मालाचा आकडा ऑफिसात हवा असला की तो फ्लॉपीवर घ्यायचा आणि ती फ्लॉपी हातात धरून आवार ओलांडायचं. हे ओलांडणं माझ्याकडे होतं. दिवसातून आठ-दहा फेऱ्या व्हायच्या. कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला, रंगांचा. हवेत भुकटी असायची आणि ती जिथे बसेल तिथला रंग बदलायची. गेटवरची कुत्री कधी गुलाबी दिसायची, कधी पिवळी. माझ्या चपलांचे तळ बाराही महिने जांभळे. पालघरला घरी गेले की आई चपला दाराबाहेरच काढायला लावायची.

मी टायपिस्ट म्हणून लागले होते, हंगामी. सहा महिने झाले की चार दिवसांचा खंड पाडायचे आणि पाचव्या दिवशी नवा कागद हातात द्यायचे. असे पाच कागद माझ्याजवळ जमले होते. वडील साताऱ्याकडून अणुवीज केंद्राच्या बांधकामावर आलेले, पुढे तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले. तिथे त्यांची छाती गेली. पन्नाशीच्या आतच ते घरी बसले. चार पायऱ्या चढले की खाली बसायचे. घरात कमावती मी एकटी होते, आणि माझी नोकरी दर सहा महिन्यांनी मरून पुन्हा जन्मत होती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत एक नोटीस लागली. तिन्ही संगणक केबलने जोडायचं ठरलं होतं. ते सांभाळायला एक कायम जागा निघणार होती. कारखान्यातल्याच माणसांमधून परीक्षा घेऊन ती भरायची. एक लेखी पेपर आणि एक प्रात्यक्षिक. ज्यांना बसायचं असेल त्यांच्यासाठी बोईसरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवणीची सोय केली होती. 'कायम' हा शब्द मी नोटिशीवर तीनदा वाचला आणि त्याच दिवशी अर्ज दिला. हंगामी आहेस, तुला बसता येणार नाही, असं कोणी म्हटलं नाही. अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली.

अर्ज तिघांचे आले. अकाउंट्समधल्या एकाने पहिल्याच आठवड्यात नाद सोडला. उरलो आम्ही दोघं. मी, आणि स्टोअरचे भाऊ.

भाऊ मुरब्याचे, किनाऱ्यावरच्या कोळी गावातले. वय पंचेचाळीसच्या आसपास. कारखान्याची भिंत बांधली जात होती तेव्हापासून ते तिथे होते. घरचा धंदा मासेमारीचा, पण यांना होडी लागायची. किनाऱ्यापासून जरा आत गेलं की पोटातलं सगळं बाहेर. दोन-तीन मोसम त्यांच्या वडिलांनी वाट पाहिली, मग म्हणाले की हा दर्यावर उपयोगाचा नाही, ह्याला बोईसरला घाला. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं, न लाजता. स्टोअरमध्ये मात्र त्यांच्यासारखा माणूस नव्हता. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे, कुठल्या पंपाचं वॉशर संपत आलंय, हे त्यांना रजिस्टर न उघडता माहीत असायचं. आता तेच रजिस्टर संगणकात जाणार होतं. मग स्टोअरला माणूस कशाला लागेल, हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही, अर्ज दिला.

क्लास बोईसर स्टेशनजवळ भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर होता. खाली पातेल्यांचे आवाज, वर आम्ही. बरीचशी मुलं कारखान्यांत काम करणारी, परप्रांतातली, म्हणून सर हिंदीत शिकवायचे. त्यांच्याजवळ एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती होत्या. त्या इतक्या पुसट की आकृत्यांमधल्या रेषा आपण हाताने गिरवायच्या. नेटवर्कचे सात थर आम्ही पाठ केले, वरून खाली आणि खालून वर, शाळेत पाढे म्हणतात तसे. खोलीत दोन संगणक होते, मधे केबल होती, पण ती केबल कुठेतरी आतून तुटलेली होती आणि बदलायला सरांना सवड नव्हती. सर कळ दाबायचे आणि दुसऱ्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणायचे, "समझ लो, डेटा चला गया." आम्ही समजून घ्यायचो. मला आज वाटतं, सरांनीही तो कधी जाताना पाहिला नसावा.

भाऊंना इंग्रजी जड जायचं. अक्षरं लागायची, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटायची. दुसऱ्या आठवड्यात ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. झेरॉक्स हातात होती. म्हणाले, "बाय, तू वाच आणि मराठीत सांग. मी लिवून घेतो. तुजा पण अभ्यास होल."

मी हो म्हटलं. त्यात उपकार करण्याचा भाव होता, हे आता कबूल करते. इंग्रजी मला येत होतं आणि त्यांना नव्हतं. एवढ्यावर मी पुढे आहे असं मला वाटत होतं.

मग रोज दुपारी मी स्टोअरमध्ये जाऊ लागले. लोखंडी मांडण्यांच्या मधे त्यांचं एक टेबल होतं. तिथे आम्ही डबे उघडायचो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची आणि त्यातली अर्धी ते माझ्या झाकणात ठेवायचे. मी वाचायचे, सांगायचे. ते स्टोअरच्या कोऱ्या रजिस्टरची पानं शिवून केलेल्या वहीत लिहायचे. अक्षर मोठं, सुटं. आकृत्या पट्टीने. आणि मधेच असे प्रश्न विचारायचे की मला उत्तर द्यायला पुन्हा मागे जावं लागायचं. सगळी यंत्रं एकाच केबलवर एका ओळीत जोडलेली असतात, हे मी सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, मग मधे एका ठिकाणी सैल झाला तर सगळेच बंद पडतील ना? आणि कुठं सैल झाला ते शोधायचा कसा? मी क्लासमध्ये सरांना विचारलं. सर म्हणाले, परीक्षेला इतकं येत नाही.

महिनाभरात चित्र पालटलं. केबल पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस कारखान्यात येऊन गेला. त्याने आम्हा दोघांना काळ्या केबलच्या टोकाला धातूची जोडणी कशी बसवायची ते एकदा दाखवलं. वरचं आवरण सोलायचं, आतली जाळी मागे वळवायची, मधली तार टाचणीएवढ्या बारीक पिनेत बसवायची आणि पक्कडीने दाबायची. माझ्याने एकही धड होईना. तार तुटायची नाहीतर जोडणी हातात यायची. भाऊंनी दुसऱ्याच खेपेला बसवली. त्या माणसाने ती ओढून पाहिली, पुन्हा ओढली आणि ऑफिसात मॅनेजर साहेबांना नेऊन दाखवली. नंतर भाऊंनी मला चार दुपारी तेच शिकवलं. माझी बोटं धरून कुठे जोर द्यायचा ते दाखवलं. माझी पहिली पक्की जोडणी झाली तेव्हा मला आनंद झाला, आणि पाठोपाठ भीती वाटली. मला येत होतं ते त्यांना आता मराठीत येत होतं. त्यांना येत होतं ते माझ्या हातात अजून अर्धंच आलं होतं.

त्याच दिवसांत चहाच्या वेळी ऑफिसात दोघं बोलताना मी ऐकलं. मुलीला कोण देणार ही जागा, उद्या लग्न झालं की जाईल. मी पाठमोरी होते. कप विसळत राहिले.

चूक झाली ती एका मंगळवारी. पुस्तकाची झेरॉक्स आता आम्हा दोघांत एकच, माझ्याकडे असायची, आणि ती मी घरी विसरले होते. भाऊंनी टर्मिनेटरचं विचारलं. टर्मिनेटर म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचं बोटाच्या पेराएवढं टोपण. ते नसलं तर केबलमधून जाणारा संदेश टोकाला आपटून उलटा फिरतो आणि येणाऱ्या संदेशांत गोंधळ करतो. ते टोपण एका टोकाला लावायचं की दोन्ही, असं त्यांनी विचारलं. मी आठवून सांगितलं, एका. मला तसंच आठवत होतं. त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी आले. आई देवापाशी दिवा लावत होती, वडील दारात बसले होते. मी पुस्तक उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं, टर्मिनेटर दोन्ही टोकांना, जमिनीशी जोडणारी तार मात्र एकाच टोकाला. माझ्या डोक्यात दोन वाक्यांची एकमेकांत गल्लत झाली होती. उद्या सांगायचं, असं मी ठरवलं. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमध्ये गेले तर भाऊंनी ते पान मोठं करून काढून ठेवलं होतं. तीन संगणक, त्यांच्यामधून जाणारी केबल, आणि एका टोकाला काळा ठिपका. खाली लिहिलं होतं, "टोपण एकाच टोकाला." त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली. म्हणाले, "बघ, बरोबर हाय?"

मी पाहिलं. ते वाक्य मी वाचलं. आणि म्हणाले, हो.

हे 'हो' माझ्या तोंडून कसं आलं ते मी अनेकदा उलगडून पाहिलंय. कसं वगैरे काही नाही. मला ते म्हणायचं होतं म्हणून आलं. आदल्या दिवशी झाली ती चूक होती. या दिवशी झालं त्याला चूक म्हणत नाहीत. त्यानंतर परीक्षेपर्यंत कामाचे अकरा दिवस होते. अकराही दुपारी मी त्यांच्या टेबलाशी जेवले. त्यांनी दिलेली चटणी खाल्ली. मनात वडिलांचा श्वास, माझे सहा-सहा महिन्यांचे कागद, चहाच्या वेळचं ते बोलणं, असं सगळं आळीपाळीने उगाळत राहिले, म्हणजे मग गप्प बसणं न्यायाचं वाटायचं. खरं सांगायचं तर अकरा दिवसांतले बरेचसे मला फार जडही गेले नाहीत.

लेखी पेपर सोपा गेला. उत्तरं मराठीत लिहायला परवानगी होती. भाऊ शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत होते.

प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत ठेवलं होतं. मुंबईहून एक तज्ज्ञ गृहस्थ आले होते. लांब टेबलावर तीन संगणक, केबलचं भेंडोळं, पक्कड आणि एका पेटीत जोडण्या. दिलेल्या वेळात केबल तयार करायची, तिन्ही यंत्रं जोडायची आणि एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर पाठवून दाखवायची. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना खोलीतच बसवलं. उद्या कोणी तक्रार नको करायला, म्हणाले. त्यामुळे ऑफिसातले पाच-सहा जणही भिंतीशी खुर्च्या टाकून होते.

आधी मी. भाऊंनी शिकवल्याप्रमाणे आवरण सोललं, तार बसवली. एक जोडणी फुकट गेली, दुसरी घेतली. दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावले. भाऊ तेव्हा भिंतीशी वहीत डोकं घालून शेवटची उजळणी करत होते. कळ दाबली. फाइल गेली. दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर तिचं नाव उमटलं तेव्हा मला समजलं की आम्ही इतके दिवस शिकत होतो ती वस्तू मी आत्ता पहिल्यांदा पाहते आहे. तज्ज्ञांनी मान डोलावली. सगळं सोडवून पेटीत परत ठेवलं.

मग भाऊ. माझ्या निम्म्या वेळात त्यांनी केबल तयार केली. एकही जोडणी वाया गेली नाही. यंत्रं जोडली, एका टोकाला टर्मिनेटर घट्ट फिरवला, हात पुसले आणि कळ दाबली. फाइल गेली नाही. पुन्हा दाबली. पुन्हा नाही. ते एकेका जोडणीपाशी गेले, ओढून पाहिली, कानाशी नेऊन हलवून पाहिली. सगळ्या पक्क्या होत्या. त्यांनी एक जोडणी कापून नव्याने बसवली. तरी नाही. कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला ते हातातली केबल सोडत नव्हते, मान वाकवून बाहीने टिपत होते. भिंतीशी कोणीतरी हसलं.

मॅनेजर साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही मुरब्याचे ना? जाळी विणणाऱ्यांच्या घरचे. मग हे एवढंसं जाळं का जमेना?"

आता बरेच जण हसले. भाऊसुद्धा किंचित हसले, साहेब बोलल्यावर हसायचं असतं तसं.

तज्ज्ञांनी पेटीत पाहिलं. आत एक टर्मिनेटर पडलेला होता. हा का उरला, असं त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले की तो जादा असेल, स्पेअर. आयुष्यभर स्टोअर सांभाळलेला माणूस. कुठल्याही वस्तूचा एक नग जास्तीचा असतोच, हे त्यांना गृहीत होतं. पेटीत दोन दिसल्यावरही त्यांना शंका आली नाही ती त्यामुळे. तज्ज्ञ म्हणाले, दोन्ही टोकांना लागतो, हे अगदी सुरुवातीच्या धड्यात आहे. भाऊंनी खिशातून वही काढली, पान शोधलं आणि त्यांच्यापुढे धरली. तज्ज्ञांनी वाचलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खोलीत मी होते. भाऊंच्या उजव्या हाताला, चार पावलांवर. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. ते वहीकडेच बघत राहिले. आणि मग मला दिसलं की त्यांना कळलंय. चेहऱ्यावर काही बदललं नाही, फक्त वही त्यांनी सावकाश मिटली.

"आयकन्यात चुकला असंल माज्या," ते म्हणाले.

तज्ज्ञ सज्जन होते. त्यांनी तो दुसरा टर्मिनेटर स्वतः उचलून भाऊंच्या हातात दिला, म्हणाले आता लावून बघा. भाऊंनी लावला. फाइल तत्क्षणी गेली. सगळ्यांनी पाहिलं. मॅनेजर साहेबांनी घड्याळाकडे बोट केलं. वेळ केव्हाच संपली होती.

निकाल फळ्यावर लागला. माझ्या नावापुढे उत्तीर्ण, त्यांच्या नावापुढे अनुत्तीर्ण. घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी उठून उभं राहून माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईने पेढे आणले. मी ते पेढे वाटत फिरले.

महिना गेला, नेमणुकीचा कागद येईना. माझा सहावा खंड जवळ आला होता. शेवटी मी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी बसायला सांगितलं, ते यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, हंगामी माणसाला या जागेवर घेता येत नाही, कंपनीचा नियमच आहे. मी विचारलं, मग मला परीक्षेला का बसू दिलं? ते म्हणाले, तुम्ही अर्ज केलात, आम्ही नाही म्हटलं नाही. हेड ऑफिसला आतल्या माणसांची परीक्षा घेतली असं दाखवायचं होतं, आणि एकाच उमेदवाराची परीक्षा बरी दिसत नाही. हे सगळं ते शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं बोलत होते. त्यात त्यांना लपवावंसं काही वाटत नव्हतं.

मी विचारलं, "भाऊ पास झाले असते तर?"

"मग त्यांना द्यावीच लागली असती. कायम माणूस, इतकी वर्षं नोकरी. आता बाहेरून घेऊ."

मी बाहेर आले. हातात फ्लॉपी होती, ती स्टोअरला द्यायची होती. मी ती शिपायाकडे दिली.

परीक्षेच्या त्या खोलीत कायमच्या नोकरीचा हक्क फक्त एकाच माणसाला होता. माझ्या आणि त्या जागेच्या मधे भाऊ कधी नव्हतेच. मी त्यांना बाजूला काढलं ते माझ्यासाठी नव्हे, मला ठाऊक नसलेल्या कोणासाठी तरी. तो पुढच्या महिन्यात आला, मुंबईचा डिप्लोमा घेऊन. साहेबांच्या ओळखीतला आहे असं म्हणत, खरं-खोटं मला माहीत नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याला जोडणी बसवता यायची नाही. केबल ऑफिसातून स्टोअरपर्यंत नेताना तो भाऊंना बोलावून घ्यायचा, आणि भाऊ छप्पर पेलणाऱ्या लोखंडी तुळयांवर चढून, पोटावर सरपटत ती ओढून द्यायचे. सगळ्या कारखान्याच्या जोडण्या शेवटी त्यांच्याच हातच्या होत्या. एकही कधी निसटली नाही.

केबल पूर्ण झाली आणि माझ्या आवारातल्या फेऱ्या थांबल्या. स्टोअरची रजिस्टरंही बंद झाली. भाऊंना पिंपांच्या आवारात टाकलं. कच्च्या मालाची लोखंडी पिंपं ट्रकमधून उतरवून मोजायची. तिथे सावली नव्हती आणि वास असा की डोळे चुरचुरायचे.

मी तिकडे जायला तीन आठवडे लावले. एका दुपारी डबा न खाताच गेले. ते पिंपावर खडूने आकडे घालत होते. मी म्हटलं, भाऊ, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ते खडूचा आकडा पुरा करेपर्यंत थांबले.

"नको सांगू. परीक्षेच्या दुसऱ्या दिशी मी बोईसरला सरांकडं गेलो होतो. तेंनी पुस्तक दाखवला."

मी म्हटलं की पहिल्या दिवशी खरंच माझ्याकडून गल्लत झाली होती, पुस्तक जवळ नव्हतं.

"ती मना समजते. पुस्तक नाय, चुकला. मानसाचा चुकते." त्यांनी खडू खिशात ठेवला. "पन दुसऱ्या दिशी मी वही दाखवली होती ना तुला."

मी विचारलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंत? मला वाटतं, मला त्या उत्तरातून काहीतरी हवं होतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं, मनात कुठेतरी माफ केलं, असं काहीतरी.

"तुजा नाव घेऊन मना काय मिलला असता? एका पोरीच्या सांगन्यावर चाललो, म्हनून अजून हसले असते. तेवढा तरी वाचवला."

एवढं बोलून ते पुढच्या पिंपाकडे वळले. मी परत आले. त्यानंतर आवारात, गेटवर, बोईसरला जाणाऱ्या टेम्पोत आम्ही समोरासमोर यायचो. ते 'चला', 'थांबा' इतकंच बोलायचे, आणि 'बाय' म्हणणं त्यांनी सोडलं होतं. मला 'मॅडम' म्हणायचे. कारखान्यात मला मॅडम म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

मला आणखी दोन कागद मिळाले. तिसऱ्या वेळी चार दिवसांचा खंड संपला आणि पाचव्या दिवशी गेटवर माझं नाव नव्हतं. पहारेकऱ्याने यादी दोनदा पाहिली, बिचाऱ्याला वाईट वाटलं. वडील तोवर गेले होते. त्यांना वाटत राहिलं की मुलीची नोकरी कायमची आहे. मी तसं वाटू दिलं होतं.

परीक्षेत पहिली आल्याचा कंपनीच्या कागदावरचा दाखला मात्र कामी आला. पालघरला एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता, त्यांना नेटवर्किंग शिकवणारं माणूस हवं होतं. दाखला बघून त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी सांगून टाकलं की आपल्याकडे जी केबल असेल ती चालती हवी. ती त्यांनी चालती ठेवली. मी बरं शिकवते असं मुलं म्हणायची. उमरोळीपासून, कोळगावपासून यायची. दोन वर्षांत माझा जम बसला. अंगाला कुठला वास नाही, चपला स्वच्छ. आई म्हणायची, देवाने चांगलं केलं.

दशक संपत आलं होतं तेव्हा एका नव्या तुकडीत मुरब्याची एक मुलगी आली. बारावी झालेली, चुणचुणीत, पहिल्याच तासाला तीन प्रश्न विचारणारी. प्रश्न असे की मी फळ्यावर लिहायचं थांबून तिच्याकडे वळले. हजेरीपटात वडिलांचं नाव वाचलं. भाऊंची मुलगी. तिला काहीही माहीत नव्हतं. ती मला मोकळेपणाने सांगत होती की वडील आधी तारापूरला कारखान्यात होते, आता नोकरी सोडून घरीच असतात, केबलची कामं त्यांना येतात, टीव्हीच्या केबलवाल्यांना मदत करतात.

तो आठवडा मी जितकं जीव ओतून शिकवलं तितकं नंतर कधी शिकवलं नसेल. तिला पुस्तक दिलं, माझं स्वतःचं. घरी घेऊन जा म्हटलं. आतल्या पानावर माझं नाव होतं, हे माझ्या लक्षात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सोमवारी ती आली नाही. भाऊ आले. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. ते त्यांनी ऑफिसातल्या मुलाच्या टेबलावर ठेवलं आणि मुलीचं नाव काढून टाका म्हणाले. मी वर्गाच्या दारात उभी होते. त्यांनी मला पाहिलं होतं. मी पुढे झाले. म्हटलं, भाऊ, ती हुशार आहे. तिचं नुकसान करू नका.

ते म्हणाले, "हुशार हाय म्हनूनच. विरारच्या क्लासला घातली तिला. लांब पडते, पन घातली."

मी पाणी हवं का विचारलं. त्यांनी नको म्हटलं. जिना उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला होता, गुडघे दुखत असावेत. खाली जाईपर्यंत मी उभी राहिले. आत वीस मुलं वाट बघत होती. मी आत गेले आणि त्या मुलीच्या नावावर रेघ मारून पुढची हजेरी घेतली.